गव्हाचे दिवस आणि एक हरकत

एप्रिल लागला की आमच्या गल्लीत एरंडेलाचा वास सुटतो. देपालपूरकडून पिकअप येते, दारोदार पोती उतरतात, गच्च्यांवर जुनी पातळं अंथरून गहू पसरले जातात. दोन दिवस ऊन, मग तेलाचा हात, मग कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि मग कोठी. इंदूरच्या निम्म्या घरांनी आता वर्षाचे गहू भरणं सोडलं आहे. आम्ही सोडलेलं नाही. घरात सहाजण होतो तेव्हा सहा क्विंटल लागायचे. आता आम्ही दोघंच आहोत, दीड क्विंटल पुरतो आणि त्यातलेही पंधरा-वीस किलो फाल्गुनापर्यंत उरतात. ते दर वर्षी मी वजन करून बघतो.

या वर्षी पोती उतरत असतानाच तिवारीजी आले. ते आमच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष. हातात कागद होता. आमच्या घराला लागून असलेल्या घरात रेखाला चक्की टाकायची आहे. रस्त्याकडच्या खोलीत एक गव्हाची, एक मसाल्याची. पालिकेच्या कार्यालयाने शेजाऱ्यांचं म्हणणं मागवलं आहे, आणि संघाने आक्षेपाचा मजकूर तयार केला आहे. गल्लीत एकतीस घरं. एकोणीस सह्या झाल्या होत्या.

"भिया, बीसवाँ आपका," तिवारीजी म्हणाले. "और असली तो आपका ही है. दीवार तो आपकी लगती है ना. आज चक्की, कल गन्ने का रस, परसों गैरेज. मकान के रेट का सोचो."

"तिवारीजी, आपके यहाँ आटा कहाँ से आता है?"

"थैली में."

"और थैली में?"

"अब आप सुबह-सुबह फिलॉसफी मत करो," ते म्हणाले. "शनिवार तक दे देना." कागद पोत्यावर ठेवून ते गेले. जाताना त्यांनी चार दाणे उचलून दाताखाली फोडून पाहिले. गहू चांगला निघाला असावा, कारण आणखी चार उचलले.

मी तो कागद वाचला. पहिल्याच ओळीत शब्द होता: आपत्ति, म्हणजे हिंदीतला आक्षेप. तो वाचताच मला त्या जुन्या उन्हाळ्यातला दुसरा कागद आठवला.

तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि अर्थशास्त्रात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. देशात परवान्यांची बंधनं सैल होत होती, वर्तमानपत्रांत रोज त्याची चर्चा असे आणि मी ती वाचून पेटलेला असे. माणसाची मेहनत त्याची, जागा त्याची, गिऱ्हाईक आपल्या पायांनी आलेलं. मग मधे परवानगी देणारा तिसरा कोण? हे मी कॉलेजच्या कट्ट्यावर, जेवताना, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठेही बोलत असे. आमच्या हिंदी माध्यमाच्या पुस्तकात या विचाराला 'अहस्तक्षेप की नीति' म्हटलं होतं. बाबांनी एकदा विचारलं, "म्हणजे काय रे?" मी दहा मिनिटं समजावलं. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते, थोडक्यात लिहायची त्यांना सवय. म्हणाले, "म्हणजे 'काही हरकत नाही'. एवढंच ना?"

मी हसलो होतो. आज वाटतं, त्या विचाराचं इतकं नेमकं भाषांतर मी नंतर कुठे वाचलं नाही.

शेजारी गीताकाकी राहत. रेखा ही त्यांची सून, पण ती बरीच नंतर आली. काकींचे यजमान कापडाच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि ते घरी बसले. पहिले काही महिने रोज भोंग्याच्या वेळेला आंघोळ करून तयार होऊन ओट्यावर बसायचे. भोंगा होतच नसे. मग काकींनी ठरवलं की पुढच्या खोलीत चक्की टाकायची. कापडाची काय, पिठाची काय, मराठीत दोन्ही गिरण्याच. एक गेली तर दुसरी, असं बाबा म्हणायचे आणि त्यांना ते आवडलं होतं. काकींनी बांगड्या मोडून चक्कीचे पाट आणि मोटर आणून ठेवली. हातगाडीवरून पाट उतरवताना सारी गल्ली जमली होती. गोणपाटात गुंडाळलेले ते दोन दगड खोलीच्या मध्यभागी देवासारखे ठेवले होते. काकींनी त्यांना हळदकुंकूही लावलं.

चैत्र संपायच्या आत चक्की सुरू व्हायला हवी होती. गव्हाच्या दिवसांत घरं ठरवतात की या वर्षी दळण कुठे टाकायचं. एकदा डबा एखाद्या चक्कीला लागला की वर्षभर तिथेच जातो, माणूस बदलत नाही. हे काकींना ठाऊक होतं. म्हणून त्या धावपळ करत होत्या. त्या काळी आमच्या भागातलं कार्यालय लागून असलेल्या शेजाऱ्याचा ना-हरकतीचा कागद मागे. आमची भिंत लागून होती. तर काकी आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "बाबूजी, दो लाइन लिख दो."

मी माझ्या खोलीत पुस्तक उघडून बसलो होतो. खसच्या पडद्यावर पाणी मारलेलं, त्याचा ओला वास. माझा पहिला पेपर नऊ दिवसांवर होता, शेवटचा बावीस दिवसांवर. माझ्या खोलीची भिंत आणि चक्कीच्या खोलीची भिंत एकच. पट्ट्याची फटफट, मोटरची घरघर, डबे आपटल्याचे आवाज, हे सगळं मला त्या भिंतीतून आधीच ऐकू यायला लागलं होतं.

बाबांनी फाउंटन पेनने कागद लिहिला. ऑफिसातलं काम इंग्रजीत, घरातलं मराठीत. हिंदी त्यांना बोलण्यापुरती येई, लिहायची वेळ क्वचित. कार्यालयाच्या नमुन्यात 'आपत्ति' शब्द होता. तो त्यांना पटेना. "आपत्ती कसली? या बाईवर एक आपत्ती आधीच येऊन गेली आहे. तो शब्द नकोच. आपण साधं लिहू, हरकत." आणि त्यांनी सुंदर, गोल अक्षरात लिहिलं: 'श्रीमती गीताबाई के मकान में चक्की बिठाने में हमारी कोई हरकत नहीं है.'

मग कागद माझ्याकडे दिला. "बघ रे, हिंदी बरोबर आहे ना?"

मी वाचला. चूक एका नजरेत दिसली. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. हिंदीत हरकत म्हणजे नसता उद्योग. हिंदी माणूस ते वाक्य असं वाचणार की गीताबाईंच्या घरात चक्की बसवली गेली आहे आणि त्यात आमचा काही हात नाही. संमतीचा कागद तक्रारीसारखा झाला होता.

मी हिशेब केला. कागद परत येईल, आठवडा. दुरुस्त होऊन जाईल, आणखी आठवडा. तपासणीला आठ दिवस. तोवर माझे पेपर संपलेले असतील. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. मला फक्त बावीस दिवस हवे होते.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

पुढचं थोडक्यात सांगतो. कार्यालयातल्या बाबूने ते वाक्य मला वाटलं तसंच वाचलं. बिनापरवानगी चक्की बसवल्याची नोंद झाली. माणूस पाहायला आला तर खोलीत पाट ठेवलेले, हळदकुंकू लावलेले. त्याला आणखी काय पुरावा हवा? नोटीस लागली, खोलीला सील लागलं. बाबा धोतर-टोपी घालून तीन वेळा त्या कार्यालयाच्या खिडकीवर जाऊन आले. समजावत राहिले की हरकत म्हणजे हरकत नव्हे. तिसऱ्या वेळी तिथला बाबू मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबूजी, हरकत आपकी नहीं, तो किसकी है?" सगळे हसले. हे बाबांनी घरी येऊन स्वतःच सांगितलं, हसत. पण त्यानंतर त्यांनी हिंदीत एक ओळही लिहिली नाही. बँकेची स्लिपसुद्धा माझ्याकडून भरून घेत.

माझे पेपर शांततेत झाले. एक प्रश्न अहस्तक्षेपावरच आला होता. मी सहा पानं लिहिली. त्या पेपरात मला सर्वांत जास्त गुण मिळाले.

सील निघालं दिवाळीच्या सुमाराला. तोवर पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या एकाची चक्की सुरू झाली होती आणि आमच्या गल्लीचे डबे तिकडे लागले होते. काकींनी चार महिने वाट पाहिली, कुणी डबा इकडे वळवतंय का. मग पाट आणि मोटर त्याच चक्कीवाल्याला विकली, आणि काही दिवसांनी त्याच्याकडेच कामाला लागल्या. तिथे त्यांनी एकोणीस वर्षं काढली. मी डबा घेऊन जाई तेव्हा भुवया-पापण्यांपर्यंत पांढऱ्या झालेल्या काकी विचारत, "भिया, मोटा के बारीक?" पीठ बोटांत घेऊन चोळून बघत, गरम डबा माझ्या हातात देत. तो डबा पोटाशी धरून मी घरी येई. ताज्या पिठाची ती ऊब शर्टातून कातडीला लागे. इतकी वर्षं झाली, पण एप्रिलमध्ये पोटाशी ती जागा अजून गरम होते.

मी पोलोग्राउंडमधल्या पंपांच्या कारखान्यात खरेदी विभागात आहे. आयुष्यभर भाव काढले, भाव पाडले, पुरवठादार बदलले. मुक्त बाजारावरचा माझा विश्वास पुस्तकातून आला होता, तो या नोकरीत पक्का झाला. जिथे पाच जण माल द्यायला उभे असतात तिथे कुणी मला दमात घेऊ शकत नाही, आणि मीही कुणाला घेऊ शकत नाही, कारण त्याच्याही पुढे पाच गिऱ्हाइकं उभी असतात. हे मी रोज पाहतो. बाजार दयाळू असतो असं मी म्हणत नाही. काकींच्या यजमानांची गिरणी बंद पडली, त्यात बाजाराचाही हात होता. पण काकींची गिरणी सुरू झाली नाही ती बाजारामुळे नाही. ती माझ्यामुळे.

तरुणपणी मला वाटे, स्वातंत्र्याच्या आड येतं ते सरकार. कुणी साहेब, कुणी शिक्का, कुणी लाल फीत. आता वाटतं, ती खिडकी स्वतःहून फार कमी गोष्टी अडवते. अडवायची इच्छा गल्लीत जन्मते, भिंतीच्या या बाजूला, पुस्तक उघडून बसलेल्या माणसाच्या डोक्यात. खिडकी तिला फक्त क्रमांक देते. मला उद्योग हवा असतो, पण दुसऱ्या गल्लीत. स्पर्धा हवी असते, पण माझ्या झोपेच्या वेळेत नको. आणि परवानगी मागणाऱ्याचे जे दिवस जातात ते कुणीच मोजत नाही. मी माझे बावीस मोजले होते. काकींचे मोजले नव्हते. ते एकोणीस वर्षं भरले.

तिवारीजींचा कागद घेऊन मी वर गच्चीवर गेलो. माझी बायको वैशाली गव्हाला तेल लावत होती, कोपरापर्यंत हात चकचकीत. म्हटलं, मी सही करणार नाही.

"का बरं?" ती म्हणाली. "मिरची कांडणार आहे ती. माझी खिडकी तिकडे आहे. ठसका मला लागणार, तुम्ही तर कारखान्यात."

मी सुरू केलं की प्रत्येकाला आपल्या जागेत...

"अहो, पुस्तकातलं नका सांगू. नाक माझं आहे."

हा मुद्दा खरा होता. माझी सगळी तत्त्वं इथेच येऊन अडखळतात आणि तशी ती अडखळायलाच हवीत. तिची जागा तिची, तसं हिचं नाक हिचं. मिरचीची पूड भिंत ओळखत नाही. मी रात्रभर पंख्याचा व्यास, धुराड्याची उंची, मोटरखाली घालायच्या रबराची जाडी असे आकडे मांडत बसलो. सकाळी उठून पाहतो तर वैशाली ओट्यावर रेखाशी बोलत उभी. मी खिडकीतून ऐकलं.

"आंटी, मिरची सिर्फ मंगल और शुक्र. दो से चार. पंखा रोड साइड."

"और आवाज?"

"नीचे रबर डलवा दूँगी. नौ के पहले नहीं, सात के बाद नहीं. पर आंटी, एक बात मेरी भी."

"बोल ना."

"आपके कूलर का पानी चार साल से हमारे ओटले पे गिर रहा है. अम्माँजी दो बार फिसलीं."

वैशालीने वर कूलरकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाई गं. बोली क्यों नहीं?"

"आप लोग बड़े हो, क्या बोलती."

दहा मिनिटांत सगळं झालं. मिरचीचे वार ठरले, कूलरला नळी लागली. माझा रात्रभराचा आकड्यांचा कागद मी घडी करून खिशात ठेवला. पण एक गोष्ट मला लागली. चार वर्षं आम्ही त्यांच्या ओट्यावर पाणी टाकत होतो आणि त्यांनी कुठल्याही खिडकीवर जाऊन आपत्ति नोंदवली नव्हती. काकी घसरल्या आणि उठल्या. हरकत घेण्याचा हक्क सगळ्यांना सारखा आहे असं आपण म्हणतो, पण हरकत घेण्याची सवय मात्र सारखी वाटली गेलेली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी शेजारी गेलो. माळव्यातली संध्याकाळ, ऊन गेलं की वारा लगेच गार होतो. गीताकाकी ओट्यावर ताट मांडीवर घेऊन गहू निवडत बसल्या होत्या. कूलरखालची फरशी पहिल्यांदाच कोरडी होती. मी खाली बसलो. हे वाक्य मी तीस वर्षांत कितीतरी वेळा मनात जुळवलं होतं. बाबा गेले तेव्हाही जुळवलं होतं, आणि त्यांना सांगायचं राहिलं.

"काकी, वो चक्की का कागज़," मी म्हणालो. "बाबा ने लिखने के बाद मुझे दिखाया था. गलती मैंने पकड़ ली थी. बोला नहीं."

त्यांची बोटं चालूच राहिली. एक खडा, एक काडी, एक काळा दाणा.

"परीक्षा थी तुम्हारी," त्या म्हणाल्या.

"हाँ."

"पास हुए थे?"

"हाँ."

"अच्छे नंबर से?"

"सबसे अच्छे."

आत रेखा फोनवर मोटरवाल्याशी भावाची घासाघीस करत होती. तिचा आवाज चढत होता, उतरत होता. मग काकींनी ताट एकदा पाखडलं, फोल उडालं, माझ्या पँटवर येऊन बसलं.

"बाबूजी का लिखा मैं तो समझ गई थी," त्या म्हणाल्या. "तुम लोगों के बाजू में रहते-रहते इतनी मराठी तो आ गई थी. हरकत नहीं, मतलब हरकत नहीं. बस उस बाबू को नहीं आई." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, पण माफीही नव्हती. "अब की बार ठीक से लिखना."

मी घरी आलो आणि लिहायला बसलो. हिंदीत, छापील पुस्तकात असावी तशी: 'इनके मकान में चक्की लगाई जाए, इसमें मुझे कोई आपत्ति नहीं है.' खाली अटी, ज्या दोन बायकांनी ठरवल्या होत्या, त्यांच्याच शब्दांत. मिरचीचे वार, वेळा, पंखा, रबर. आणि आमच्या बाजूची कूलरची नळी, तीही. मग एक ओळ मराठीत लिहिली, कुणाला कळो न कळो: काही हरकत नाही. अक्षर बाबांसारखं गोल यावं असा प्रयत्न केला, नीट जमलं नाही. कागद रेखाला मोठ्याने वाचून दाखवला. तिने दोन वेळा वाचायला लावला.

शनिवारी तिवारीजी आले. त्यांचा कागद मी सहीविना परत दिला.

"आप ही पलट गए, भिया!" ते म्हणाले. "बाकी उन्नीस को क्या बोलूँ?"

"बोलिए कि दीवार जिसकी है, उसने हाँ कर दी. और किसी को तकलीफ़ हो तो पहले रेखा से बात कर ले. ओटले पे मिलती है."

"और न माने तो?"

"तो मेरे पास आए. मैं आवाज नापने का यंत्र कारखाने से ला दूँगा. आकडे पे बात करेंगे."

ते चांगलेच रागावून गेले. जाताना गहू उचलले नाहीत.

सोमवारी मी रजा टाकली आहे. कागद कुणाच्या हाती देणार नाही, पोस्टानेही पाठवणार नाही. त्या खिडकीवर स्वतः जाणार आहे, बाबा गेले होते तसा, आणि शिक्का पडेपर्यंत हलणार नाही. एका खेपेत नाही झालं तर दुसऱ्या, तिसऱ्या. बावीस दिवस रजा शिल्लक आहे, काल मोजली. तिथे बसलेला कुणी ती खालची मराठी ओळ वाचून हसेल कदाचित, आणि विचारेल, हरकत किसकी है?

त्याचं उत्तर मी देणार आहे, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मेरी थी.